मदत हवी आहे: एसव्हीजी नकाशातली इंकस्केपची लेबलं वेबपानावर हरवतात

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या तलावांचा नकाशा आम्ही चौघं मिळून एसव्हीजीत (आकार मजकुराच्या रूपात साठवणाऱ्या चित्राच्या फाइलमध्ये) करतोय. तलावावर बोट ठेवलं की त्याचं नाव आणि चार ओळींची माहिती उघडावी, एवढंच काम. मासुंदा, कचराळी, मखमली, सिद्धेश्वर, रायलादेवी, उपवन असे बावीस तलाव काढून झालेत. आकार काढतात ते आमच्या शेजारचे काका, कळव्याच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. पासष्टी उलटल्यावर इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम शिकले. प्रत्येक तलाव वेगळ्या लेयरवर (थरावर), प्रत्येक लेयरला मराठीत नाव, म्हणजेच लेबल. तलावपाळीचा, म्हणजे मासुंद्याचा, काठ तर त्यांनी स्वतः चालून येऊन तीनदा दुरुस्त केलाय.

वेबची बाजू माझ्याकडे आहे. नावं फाइलमध्ये आहेतच, ती पुन्हा कशाला टाइप करायची, म्हणून मी जावास्क्रिप्ट थेट काकांच्या लेबलांवर बांधली. मला माहीत होतं ते असं: एसव्हीजीच्या मानकात इंकस्केपसारखा लेयर नाही, नुसता ग्रुप असतो. त्या ग्रुपवर इंकस्केप आपल्या नेमस्पेसमधली (एका पत्त्याने ओळखल्या जाणाऱ्या नावांच्या गटातली) ग्रुपमोड (हा ग्रुप लेयर आहे असं सांगणारं) आणि लेबल ही ॲट्रिब्यूट लावतं. मानकाला हे चालतं. परक्या नेमस्पेसमधल्या गोष्टी ब्राउझरने डॉममध्ये (पान वाचून तो मनात बांधतो त्या रचनेत) ठेवायच्या, फक्त चितारायच्या नाहीत.

आधी फाइल वेगळी मागवून डॉमपार्सरने वाचत होतो, तेव्हा सगळं नीट चाललं. मग सर्व्हरकडे जाणारी एक विनंती कमी व्हावी म्हणून तीच एसव्हीजी एचटीएमएलमध्ये थेट चिकटवली, आणि नेमस्पेस देऊन ॲट्रिब्यूट मागणारं गेटॲट्रिब्यूटएनएस बावीसही तलावांना नल (काहीच नाही) देऊ लागलं. चित्र जसंच्या तसं, नावं गायब. हे मी रात्री दोनपर्यंत बघत बसलो होतो.

त्यात फाइल हलकी करायला बिल्डमध्ये (पान तयार करायच्या आपोआप चालणाऱ्या टप्प्यात) एसव्हीजीओ हे साधन लावलं, तर लेबलं फाइलमधूनच गेली. ते बंद करून वरच्या नेमस्पेसच्या ओळी हाताने उडवल्या. आता सुटी फाइल उघडतच नाही, ब्राउझर एक्सएमएलची (एसव्हीजी ज्या नियमांनी लिहितात त्या भाषेची) एरर दाखवतो.

काल काकांनी विचारलं, "मी घातलेली नावं कुठे गेली रे?" मला धड सांगता आलं नाही. या लेबलांवर विसंबायचंच नाही का? की आयडी वापरू? काकांना पुन्हा बावीस नावं लिहायला लावायची नाहीत, ही माझी अट आहे.

प्रतिसाद – उपवनवाली

इंकस्केपमधून "प्लेन एसव्हीजी" म्हणून सेव्ह करून बघा. एररचा प्रश्न सुटेल.

धागाकर्ता

एरर गेली, धन्यवाद. पण त्यात लेबलंही जातात, म्हणजे मी परत तिथेच.

प्रतिसाद – ऐरोलीकर

दादा, तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ नेमस्पेसमध्येच आहे. आधी नल का येतं ते सांगतो, कारण लोक तिथेच सर्वात जास्त अडकतात.

सुटी एसव्हीजी एक्सएमएल म्हणून वाचली जाते. तिथे कोलनच्या आधीचा "इंकस्केप" हा शब्द वर जाहीर केलेल्या नेमस्पेसच्या पत्त्याशी जोडला जातो आणि ॲट्रिब्यूटचं खरं नाव उरतं नुसतं "लेबल". एचटीएमएलचा पार्सर (वाचणारा भाग) हे करत नाही. एक्सलिंक वगैरे ठरलेली मोजकी नावं तो ओळखतो, बाकी कोलनसकट अख्खा शब्द हेच त्याच्या लेखी नाव. तुम्ही नेमस्पेस देऊन "लेबल" मागता आणि त्याच्याकडे त्या नावाचं काही नसतं. साध्या गेटॲट्रिब्यूटला कोलनसकट पूर्ण नाव द्या, दोन्हीकडे चालेल. सीएसएस सिलेक्टर मात्र दोन्हीकडे वेगळा लिहावा लागतो, त्या वाटेला जाऊ नका.

एररचं कारणही हेच. जाहीर केलेली ओळ तुम्ही उडवलीत, पण तो शब्द खाली ठिकठिकाणी राहिला. एक्सएमएलमध्ये न जोडलेला प्रीफिक्स (कोलनच्या आधीचा शब्द) ही सरळ चूक असते, म्हणून चित्रच अडतं. एचटीएमएलला त्याचं काही वाटत नाही.

एसव्हीजीओने त्याचं काम केलंय. संपादकांची नेमस्पेस काढणारा प्लगिन त्याच्या नेहमीच्या संचातच आहे. आयडी आखूड करणाराही त्याच संचात आहे, तेव्हा आयडीवर भिस्त ठेवलीत तर तीही जाईल. शिवाय एका पानावर दोन नकाशे चिकटवले की आयडी एकमेकांना धडकतात.

मी काय करीन? काकांच्या फाइलला हात लावणार नाही. ती मूळ प्रत, इंकस्केपच्या सगळ्या खुणांसकट रेपोत (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात) राहू दे. उद्या काठ पुन्हा दुरुस्त करताना त्यांना त्या खुणा लागणारच. बिल्डमध्ये एसव्हीजीओच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट घाला. ती फाइल एक्सएमएल म्हणून वाचेल, लेयर असलेला प्रत्येक ग्रुप शोधेल आणि लेबलातलं नाव दोन जागी उतरवेल: ग्रुपच्या डेटा-ॲट्रिब्यूटमध्ये (आपली माहिती ठेवायच्या ॲट्रिब्यूटमध्ये) आणि ग्रुपच्या अगदी सुरुवातीला टायटल एलिमेंटमध्ये. डेटा-ॲट्रिब्यूट एसव्हीजी २ मध्ये रीतसर आहेत. टायटल तर २००१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. माउस नेला की ब्राउझर ते दाखवतो आणि स्क्रीन रीडरलाही नाव मिळतं. शाळेची मुलं वापरणार असतील तर हे मला फार मोलाचं वाटतं.

एक सांभाळा: एसव्हीजीओच्या तिसऱ्या आवृत्तीत टायटल काढणारा प्लगिनही नेहमीच्या संचात होता, तो बंद करा. चौथीपासून तो आपोआप लागत नाही. डेटा-ॲट्रिब्यूट दोन्हीकडे टिकतात.

स्क्रिप्टमध्ये "इंकस्केप" हा शब्द शोधू नका, नेमस्पेसचा पत्ता शोधा. शब्द कोणीही बदलू शकतो, ओळख पत्त्याने ठरते. फाइलमध्ये "सोडीपोडी" दिसलं तर दचकू नका. इंकस्केप २००३ मध्ये त्या प्रोग्रॅममधूनच फुटून निघालं, तो पत्ता अजून चालू आहे.

धागाकर्ता

ऐरोलीकर, मनापासून आभार. एलएक्सएमएल ही पायथनची लायब्ररी वापरून तीस ओळींत स्क्रिप्ट झाली. एकवीस नावं आली. रायलादेवीचं नावही आलंय, पण तिथे नकाशावरच लिहिलेली माहितीची चौकट इंकस्केपमध्ये दिसते आणि ब्राउझरमध्ये कोरी. आणि आंबेघोसाळेला नावच नाही.

प्रतिसाद – ऐरोलीकर

रायलादेवीचं पान इंकस्केपच्या जुन्या ०.९२ आवृत्तीत काढलंय का? तिथे चौकटीतला मजकूर फ्लोरूट म्हणून साठतो. ते एसव्हीजी १.२ च्या मसुद्यातलं होतं. तो पूर्ण मसुदा मानक झालाच नाही, म्हणून ब्राउझर ते चितारत नाहीत. मजकूर निवडून टेक्स्ट मेनूतून साध्या टेक्स्टमध्ये बदला. हे बदल स्क्रिप्टवर सोडू नका, ओळी कुठे तुटतात ते माणसानेच बघायला हवं.

आंबेघोसाळेचा ग्रुप लेयर आहे की नुसता ग्रुप, ते तपासा.

धागाकर्ता

नुसता ग्रुपच निघाला. लेबल होतं, ग्रुपमोड नव्हतं. आता स्क्रिप्ट लेबल असलेला कुठलाही ग्रुप घेते, आणि मोजणी बावीस नसेल तर बिल्ड थांबवते. फ्लोरूट काकांनी स्वतः सोडवला, ओळी त्यांच्या मनाप्रमाणे तोडल्या. संध्याकाळी त्यांच्या फोनवर नकाशा उघडून दिला. त्यांनी आधी मासुंद्यावर बोट ठेवलं, मग एकेक करत बावीसही तलाव दाबून पाहिले. रायलादेवीची वेलांटी चुकली होती. ती त्यांनी मूळ फाइलमध्ये दुरुस्त केली, आणि दहा मिनिटांत पानावरही दुरुस्त झाली.