मदत हवी आहे: फिट येणाऱ्यांचं जीवनमान मोजायचंय, चार भाषांत

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका रुग्णालयात मेंदूविकाराच्या ओपीडीत मी समाजसेविका म्हणून काम करते. महिन्यात किती वेळा फिट येते हे केसपेपरवर असतंच. मधले दिवस कसे जातात ते मात्र कुठेच लिहिलं जात नाही, आणि खरा त्रास तिथेच असतो. म्हणून डॉक्टरांनी जीवनमान मोजायचं काम हाती घेतलंय, मुलाखती माझ्याकडे आहेत.

प्रश्नावली क्यूओएलआयई-३१ आहे, म्हणजे फिट येणाऱ्यांचं जीवनमान मोजणारी ३१ प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली, आधीच्या ८९ प्रश्नांच्या अमेरिकी प्रश्नावलीतून निवडून. फिटची धास्ती, मनःस्थिती, थकवा, स्मरणशक्ती, औषधांचे परिणाम, लोकांतला वावर आणि एकूण जीवनमान असे सात भाग. गुण ० ते १००, जास्त म्हणजे चांगलं. आमच्या बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. मराठी आणि कन्नड मसुदे तयार आहेत: दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं, एकत्र बसून एक केलं, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत नेलं. भाषा जमली आहे. अडचण वेगळीच आहे.

गाडी चालवताना किती अडचण येते, असा एक प्रश्न आहे. विड्या वळणारी बाई म्हणते, "मला कुठं गाडी येते? काहीच अडचण नाही." लिहायचं काय? "अडचण नाही" लिहिलं तर पूर्ण गुण मिळतात. तिच्या शेजारच्या पोराचं पोट मात्र गाडी चालवण्यावरच आहे आणि त्याला हा प्रश्न झोंबतो, कारण लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये, म्हणजे तब्येतीबद्दल स्वतः लिहून द्यायच्या अर्जात, फिट येते का हे लिहून द्यावं लागतं.

लग्नाबद्दल मात्र अख्ख्या प्रश्नावलीत थेट एकही प्रश्न नाही. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडसर म्हणून असलेला फिटचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने गेला, पण स्थळ बघायला आलेल्यांना ते कोण सांगणार? एक नवी सून फिटच्या गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ठेवते. सासरी कुणालाच माहीत नाही. तिचे "लोकांतला वावर" या भागातले गुण उत्तम आले! रोज रात्री ती डबी उघडताना तिचा जीव कसा होत असेल, ते ३१ प्रश्नांत कुठे धरायचं?

आणखी एक. एकूण जीवनमानाच्या पट्टीवर शून्यापाशी "मरणासारखं किंवा त्याहून वाईट" अशा अर्थाचे शब्द आहेत. एका आईने तिथेच मला थांबवलं, "लेकराला असलं विचारू नका." मलाही ते पटलं.

तर प्रश्न बदलले, नवे घातले तर चालेल का? आणि चारही भाषांचे गुण एकत्र करून सरासरी काढता येईल का?

प्रतिसाद

ताई, मी प्रश्नावल्यांच्या संख्याशास्त्राचं काम करतो. मूळ ३१ ला हात लावू नका, नाहीतर बाहेरच्या कुठल्याच अभ्यासाशी तुलना करता येणार नाही. गाडीच्या प्रश्नाला "लागू नाही" असेल तर तो रिकामा सोडा. त्या भागाचे गुण दिलेल्या उत्तरांच्या सरासरीवरच काढतात. लपवाछपवी, लग्न, माहेर-सासर यांचे प्रश्न शेवटी वेगळ्या पानावर घ्या आणि त्यांचे गुण वेगळेच ठेवा. त्या सुनेचं उदाहरण तुमच्या अहवालात सविस्तर यायलाच हवं. आकड्याच्या मागे काय दडलंय ते त्यातूनच कळेल.

मरणाचे शब्द परस्पर गाळू नका. ज्यांच्याकडे प्रश्नावलीचे हक्क आहेत त्यांना विचारा. मुलाखत रुग्णाची एकट्याची घ्या. सासू शेजारी असेल तर उत्तर सासूचंच येतं.

सरासरीची घाई नको. आधी हे तपासा: एकूण गुण सारखे असलेले मराठी आणि कन्नड रुग्ण एखाद्या प्रश्नाला ठरावीक दिशेने वेगळं उत्तर देतात का? तसं असेल तर तो प्रश्न दोन भाषांत एकच गोष्ट मोजत नाही. या तपासणीला प्रत्येक भाषेत साधारण दोनेकशे माणसं लागतात. तेवढी नसतील तर भाषांची आपसात तुलना करूच नका. त्याच माणसाची सहा महिन्यांनी पुन्हा मुलाखत घ्या आणि त्याचा त्याच्याशीच फरक पाहा.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. वेगळ्या पानाचं उद्याच डॉक्टरांशी बोलते. सासूला बाहेर बसवणं ओपीडीच्या गर्दीत कठीण आहे, पण वजन-बीपीच्या खोलीत जमवता येईल.

आता तेलुगूसाठी माणूस हवाय. पूर्वभागातल्या विणकर घरांत बोलतात ती तेलुगू येणारं, इंग्रजीही चांगलं असणारं आणि मूळ प्रश्नावली कधीच न वाचलेलं. पुस्तकी तेलुगू आमच्या बायकांना जड जाते. कुणी ओळखीचं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.