चिकूचं वजन उतरत नाहीये, मदत हवी आहे

मुग्धा_डोंबिवली
नमस्कार. चिकूचं वजन काही केल्या उतरत नाहीये. वजन कमी करायचं खास खाणं आणलं. सकाळी दोन वाट्या, रात्री दोन वाट्या, वर काही नाही. तरी काटा ४३ वरच अडलाय. आता जिना चढताना मागचे पाय ओढतो, सोफ्यावर उडी मारायचा तेही बंद झालं. डॉक्टर दर वेळी "वजन उतरवा" म्हणतात, कसं ते सांगत नाहीत. अनुभव असेल त्यांनी प्लीज लवकर सांगा. "फिरायला न्या" सोडून सांगा, नेतोच आम्ही.

भटक्या_६१
चिकू म्हणजे कोण? कुत्रा धरून चालतोय. जात, वय, नसबंदी झाली आहे का? फिरणं म्हणजे किती? आणि वाटी कसली?

मनीमाऊ_नाशिक
मांजर असेल तर एकदम खाणं तोडू नका हं ताई! जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तरी यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेततं. आमच्या सोनीला नळीने भरवायची वेळ आली होती. हळूहळूच कमी करा.

मुग्धा_डोंबिवली
कुत्रा आहे हो. लॅब म्हणजे लॅब्राडोर, सहा वर्षांचा. नसबंदी झाली आहे. सोसायटीला एक फेरी सकाळी, एक रात्री. आमटीची वाटी. वाटीचा काय संबंध?

गुरांचा_डॉक्टर
मुग्धाताई, संबंध आहे. सपाट भरलेली वाटी आणि शिगोशीग भरलेली वाटी यांत बराच फरक पडतो, आणि घरात प्रत्येकाचा हात वेगळा. खाणं वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा.

लॅब नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असतं. चिकूसाठी ३२ धरू. ३२ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे ९४० कॅलरी लागतात. वजन उतरवताना साधारण तेवढ्याच द्यायच्या, ४३ किलोच्या हिशेबाने नाही. पाकिटावर दर किलोला किती कॅलरी ते छापलेलं असतं, त्यावरून ग्रॅम काढा. नसबंदीनंतर गरज कमी होते आणि भूक वाढते, हेही लक्षात घ्या.

बरगड्या लागतात का ते आजच बघा. स्वतःचा तळहात उघडा ठेवून दुसऱ्या हाताची बोटं त्या हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवा. आत हाडं लागतात ना, तशा चिकूच्या बरगड्या लागायला हव्यात. हात उलटा करून तळव्याच्या बाजूने चाचपल्यावर जसं मऊ लागतं तसं लागलं तर चरबी जास्त आहे.

आजीचा_बटवा
पाकिटातलं खाणं हेच सगळ्या रोगांचं मूळ. आमच्या वाड्यातली कुत्री ताक-भाकरीवर चौदा-पंधरा वर्षं जगली, एकही जाड नव्हतं. सगळं बंद करा, ज्वारीची भाकरी आणि ताक सुरू करा. महिन्यात फरक दिसेल.

भटक्या_६१
काकू, वाड्यातली कुत्री दिवसभर गावभर हिंडायची. हा फ्लॅटमध्ये राहतो. भाकरीतही कॅलरी असतातच. शिवाय प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जातील, आणि त्याचे मागचे पाय आधीच कमजोर झालेत.

आजीचा_बटवा
मी पन्नास वर्षं कुत्री सांभाळली आहेत. तुम्ही किती?

रानजाई
वाद नको. मुग्धा, घरात अजून कोण कोण असतं? चिकूला वाट्यांखेरीज कोण काय देतं? आमच्याकडे सगळा घोटाळा तिथेच होता.

मुग्धा_डोंबिवली
कोणी जेवण देत नाही त्याला. सासरे सकाळी चहाबरोबर चार बिस्किटं देतात, साधी ग्लुकोजची. जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा सगळेच देतात, ती पद्धतच आहे आमच्याकडे. रात्री वॉचमनकाका काहीतरी देतात. ते काय खाणं आहे का?

गुरांचा_डॉक्टर
हेच खाणं आहे. एक ग्लुकोज बिस्किट वीस-पंचवीस कॅलरीचं, म्हणजे चार बिस्किटांत शंभरेक. सगळ्यांचे तुकडे जोडले तर एक तूप लावलेली पोळी होते, सव्वाशे-दीडशे. वॉचमनकाकांचं वेगळंच. दिवसाच्या ९४० मधला पाव भाग इथेच गेला. मोजून दिलेल्या वाट्या कितीही कमी केल्यात तरी काटा हलणार कसा?

पुणेरी_पगडी७
पण लॅबच्या जनुकातच दोष असतो म्हणे. मग मालकाला कशाला बोल लावायचा?

गुरांचा_डॉक्टर
२०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हे दाखवलं आहे. साधारण चारांतल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा काही भाग गळलेला असतो, त्याची भूक भागतच नाही. म्हणून तो ताटाशी येऊन बसतो. पण वाढणारे आपण. लॅबवरच चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भावंडांच्या जोड्या केल्या होत्या, एकाला दुसऱ्यापेक्षा पाव भाग कमी खाणं. कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. चिकूला फ्रिज उघडता येत नाही, दुकानात जाता येत नाही. त्याचं वजन ही पूर्णपणे घरातल्या माणसांची जबाबदारी आहे.

सागरिका
आमचा पोपटही फार जाड झालाय, सूर्यफुलाच्या बिया सोडून काही खात नाही. काय करावं?

रानजाई
देशी पोपट असेल तर तो घरात ठेवणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, सागरिका. वन खात्याशी बोला. वेगळा धागा काढा प्लीज.

मुग्धा_डोंबिवली
डॉक्टर, पटतंय. पण सासरे ७८ वर्षांचे आहेत. सासूबाई गेल्यापासून सकाळचा चहा ते चिकूबरोबरच घेतात. त्यांना बिस्किट बंद करा असं मी कसं सांगू?

रानजाई
बंद करू नका, डब्यातला ऐवज बदला. दिवसाचं खाणं सकाळी मोजून घ्या, त्यातलं मूठभर बाबांच्या बिस्किटांच्या डब्यात काढा. हाताने एकेक दाणा द्यायचा. आमच्या आईने असंच केलं. कुत्र्याला बिस्किटापेक्षा आपल्या हातातून मिळण्याचं अप्रूप जास्त असतं. मधेमधे काकडीचा, गाजराचा तुकडाही चालेल. द्राक्षं, मनुका, कांदा मात्र चुकूनही नको.

गुरांचा_डॉक्टर
उत्तम उपाय. दोन गोष्टी अजून. रक्त तपासून थायरॉइड बघून घ्या. पाणी खूप पीत असेल आणि पोट लोंबत असेल तर तेही तुमच्या डॉक्टरांना सांगा. मागच्या पायांचा एक्सरे झाल्याशिवाय फिरणं एकदम वाढवू नका. दुखत असेल तर आधी त्यावर औषध. तोवर जिना टाळा, लिफ्ट वापरा.

आजीचा_बटवा
ताक द्या तरी. त्याने कोणाचं वाईट झालेलं नाही.

मुग्धा_डोंबिवली
डबा केला. बाबांना सांगितलं, चिकूचे पाय दुखतात त्याच्यासाठी आहे म्हणून. एका शब्दाने बोलले नाहीत, स्वतःच मोजून घेतले दाणे. रक्त उद्या देणार. वॉचमनकाका रात्रपाळीचे, त्यांना आज भेटते. घरी त्याला काट्यावर कसं घ्यायचं? मला उचलवत नाही.

भटक्या_६१
उचलू नका, त्याच्या आणि तुमच्याही कमरेसाठी. दवाखान्यात जमिनीवरचा काटा असेल तर दर दोन आठवड्यांनी तिथेच न्या, काटा तोच ठेवा. आठवड्याला चारशे ते आठशे ग्रॅम उतरलं तर बरोबर चाललंय. ३२ पर्यंत यायला सहा महिने धरा. वॉचमनकाकांना पण थोडे दाणे देऊन ठेवा.