परवाना एकाच्या नावावर, कोटेशन दुसऱ्याचं: सोसायटीने काय तपासावं?

सचिव_वडगावशेरी
८४ फ्लॅट, तीन विंग. यंदा मीटर रूममधलं पॅनेल, फायर पंपाची दुरुस्ती आणि बाहेरचा रंग अशी तीन कामं आहेत. पॅनेलचं एक कोटेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आहे. सोबत विद्युत परवान्याची झेरॉक्स आहे, पण ती दुसऱ्याच फर्मची. विचारलं तर "तेही आमचंच" म्हणतात. कमिटीतल्या काहींना स्वस्तातलंच हवंय. ऑर्डर देण्याआधी काय काय पाहावं?

पर्यवेक्षक_हडपसर
नाव जुळत नाही तिथेच थांबा. परवानाधारक फक्त सही-शिक्का देतो, काम भलतेच लोक करतात, हा प्रकार सर्रास चालतो. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं. त्यापलीकडचं काम २०२३च्या केंद्रीय विद्युत सुरक्षा विनियमांप्रमाणे परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. म्हणून ठेकेदार, पर्यवेक्षक आणि वायरमन, तिघांचेही कागद मागा. मूळ प्रत आणि मुदत बघा, परवाना क्रमांक विद्युत निरीक्षक कार्यालयात पडताळून घ्या.

स्वस्त पॅनेलमध्ये मार खाते ती जोडणी. अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधली वीज वाटणारी पट्टी) बायमेटॅलिक लग (दोन धातू जोडणारं केबलच्या टोकाचं टोपण) न लावता आवळली, किंवा लग नीट क्रिम्प केला, म्हणजे दाबून बसवला नाही, की तो जोड तापत राहतो. वरून काही दिसत नाही, लोड वाढला की इन्सुलेशन करपतं. काम संपल्यावर टेस्ट रिपोर्टवर आकडे हवेत: ५०० व्होल्ट डीसी मेगरने (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम, आणि अर्थिंगचं प्रत्यक्ष रीडिंग. नुसतं "ओके" लिहिलेला रिपोर्ट परत करा.

फायर_पाषाण
फायरचं काम अग्निशमन सेवा संचालनालयाने परवाना दिलेल्या एजन्सीकडेच द्या. परवान्यावर कामाचा प्रकार लिहिलेला असतो, तोही वाचा. महाराष्ट्राच्या २००६च्या आग-प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत जो बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो, तो अशाच एजन्सीचा चालतो.

फॉर्म हातात आला म्हणून पंप चालतोच असं नाही. चाचणी कमिटीसमोर करून घ्या. सर्वात वरच्या हायड्रंटला (आग विझवायच्या पाण्याचा नळ) गेज लावा, पाणी वाहत असताना दाब चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या आसपास हवा. पंप ऑटो मोडवर ठेवून व्हॉल्व्ह उघडा. तो आपोआप सुरू झाला नाही, तर बहुतेक वेळा प्रेशर स्विच (दाब घटला की पंप सुरू करणारा) बिघडलेला असतो किंवा पंपाचं पॅनेल मॅन्युअलवर ठेवलेलं असतं.

हिशेब_कोथरूड
रंगकामाला वरच्या दोन कामांसारखा परवाना नाही, त्यामुळे फसगत तिथे जास्त. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून नोंदणी चालू आहे की रद्द, ते पाहा. कोटेशन, जीएसटी, पॅन आणि बँक खातं, चारही ठिकाणी एकच नाव हवं. चेक त्याच नावाने काढा, टीडीएस कापा. रोख अजिबात नको.

कामगारांची विमा पॉलिसी पानं उलटून वाचा. उंचीवरचं काम त्यात धरलंय का? झुल्यावरच्या माणसाला अपघात झाला आणि पॉलिसी फक्त आतल्या कामाची निघाली, तर भरपाईचा दावा सोसायटीच्या दारात येऊ शकतो. माणसांची संख्या आणि कामाची तारीखही पॉलिसीशी जुळवा.

याच ठेकेदाराकडून "जाता जाता" ड्रेनेजची टाकी साफ करून घ्यायचा मोह होतो. माणूस आत उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवायला हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यंत्राची गाडी बोलवा.

सचिव_वडगावशेरी
पॅनेलवाले म्हणतात, परवान्याची फर्म भागीदाराची आहे. ५० टक्के अ‍ॅडव्हान्सही मागतायत.

हिशेब_कोथरूड
मग कोटेशन त्या फर्मच्याच लेटरहेडवर, तिच्या पॅन-जीएसटीसह मागा. वर्क ऑर्डर आणि चेकही तिच्याच नावे. परवानाधारकाने कमिटीसमोर येऊन करारावर सही करायची. याला नकार आला तर पुढच्या कोटेशनकडे वळा.

अ‍ॅडव्हान्स १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. पॅनेल साइटवर आल्यावर, मेक आणि रेटिंग ऑर्डरशी ताडून पुढचा हप्ता. टेस्ट रिपोर्ट हातात येईपर्यंत शेवटचं बिल थांबवा आणि ५ टक्के रक्कम वर्षभराच्या हमीसाठी राखून ठेवा. हे सगळं वर्क ऑर्डरमध्येच लिहा, फोनवर ठरवू नका.