पाळी थांबवली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही
मंगळासारख्या लांबच्या मोहिमेवर जाणाऱ्या महिला अंतराळवीरांनी "गोळ्या घेऊन पाळी थांबवली की झालं" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मंगळावर जाऊन यायला सुमारे तीन वर्षं लागतील. रोज एक म्हटली तरी एकीला हजारावर गोळ्या, आणि त्यांचा गुण तेवढा काळ टिकायला हवा. त्यापेक्षा दंडात त्वचेखाली बसवायची हार्मोनची कांडी बरी, असं माझं मत.

पण मला खरी काळजी वाटते ती रक्ताच्या गुठळीची. वजनरहित अवस्थेत रक्त डोक्याकडे सरकतं, मानेच्या शिरेत प्रवाह मंदावतो, कधी उलटाही वाहतो. अंतराळ स्थानकावर एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत गुठळी सापडली होती आणि रक्त पातळ करणारी औषधं तिथेच, वर असतानाच द्यावी लागली. ती व्यक्ती स्त्री की पुरुष, हे जाहीर झालेलं नाही. पाळी थांबवायच्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन असतं, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो हे तर पृथ्वीवरही डॉक्टर सांगतातच.

शिवाय स्त्रीची बीजांडं जन्मतःच ठरलेली, नवी बनत नाहीत. अंतराळातल्या किरणोत्सर्गाने गेली ती गेली. मोहिमेआधी ती गोठवून ठेवायची सोय प्रत्येकीला मिळायलाच हवी, तीही तिने मागायच्या आधी.