व्हॅन गॉगची रिकामी खोली: जपणं बरोबर की वाया खर्च?

नौपाडाकर:
पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी रावूंची खाणावळ पाहून आलो. २० मे १८९० ला चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग तिथे राहायला आला. माळ्यावरची पाच नंबरची खोली, जेवणासकट रोजचे साडेतीन फ्रँक. २७ जुलैला त्याने गोळी झाडून घेतली आणि २९ ला याच खोलीत तो गेला. भाऊ थिओ उशाशी होता.

खोली सात चौरस मीटर, म्हणजे पंच्याहत्तर चौरस फूट. आपल्या चाळीतली दहा बाय दहाची खोलीसुद्धा मोठी म्हणायची. उजेडाला छपरातला झरोका तेवढा. आत्महत्या झालेली खोली म्हणून पुढे ती कुणाला भाड्याने दिली नाही, त्यामुळेच टिकली. जान्सेन्स नावाच्या एका बेल्जियन गृहस्थांचा १९८५ मध्ये खाणावळीसमोरच अपघात झाला. बरे होताना त्यांनी व्हिन्सेंटची पत्रं वाचली, १९८७ मध्ये ही वास्तू विकत घेतली, दुरुस्त केली आणि १९९३ मध्ये लोकांसाठी उघडली. व्हिन्सेंटच्या खोलीत त्यांनी पलंगसुद्धा मांडला नाही. मी दारात उभा राहिलो आणि मला बोलताच येईना.

आमच्या नौपाड्यात एकेक जुनी इमारत पुनर्विकासाला जातेय. आपल्याकडच्या एखाद्या चित्रकाराची भाड्याची एक तरी खोली अशी राखायला हवी.

चित्रकला शिक्षिका, ऐरोली:
मला अजिबात पटत नाही. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी तो आधी राहायचा, ते त्याचं पिवळं घर जून १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. तरी तिथली त्याची झोपायची खोली माझ्या सातवीच्या मुलांना पाठ आहे: पिवळा पलंग, दोन खुर्च्या, भिंतीवरची चित्रं. कारण ती त्याने स्वतः तीनदा रंगवली. एक चित्र अॅमस्टरडॅमला, एक शिकागोत, एक पॅरिसला. घर पडलं म्हणून काय अडलं? ओव्हेरमध्ये सत्तर दिवसांत त्याने सत्तरच्या वर चित्रं केली, आणि आपण रांग लावायची तो मेला त्या खोलीपुढे! याचा मला खरंच त्रास होतो.

नेरूळ, सेक्टर सहा:
जान्सेन्सनी स्वतःचे पैसे घातले. इथे पंच्याहत्तर फूट कोण सोडणार? सोसायटीत त्यावरून मारामारी होईल. नव्या इमारतीच्या दारात चांगला दगडी फलक लावा, खाली चार ओळी लिहा. पुरे.

नौपाडाकर:
ताई, आर्लचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो ओव्हेरला लागू होत नाही. इथे त्याने चर्च रंगवलं, गव्हाची शेतं रंगवली, खाणावळीसमोरची नगरपालिका रंगवली, मालकाची तेरा वर्षांची मुलगी आदेलीन रंगवली. ही खोली मात्र रंगवली नाही. ती पाडली असती तर तिचं काहीच उरलं नसतं.

आणि मृत्यूचं म्हणाल, तर एक सांगतो. कधीतरी एखाद्या कॅफेत आपलं स्वतःचं प्रदर्शन भरवता येईल, असं त्याने १० जूनला थिओला लिहिलं होतं. सात आठवड्यांनी त्याच खाणावळीत, खाली, त्याच्या शवपेटीभोवतीच्या भिंतींवर त्याची शेवटची चित्रं लावली गेली. जान्सेन्सनी ते पत्र मनावर घेतलं. व्हिन्सेंटचं एक मूळ चित्र त्या खोलीत लागावं, हे त्यांचं स्वप्न. मी रांग लावली ती या इच्छेपुढे.

नेरूळकर, फलक वाचायला माणूस थांबत नाही. ठाण्यात किती फलकांपुढे तुम्ही थांबलात, खरं सांगा.

नेरूळ, सेक्टर सहा:
नाही थांबलो. पण पंच्याहत्तर फुटांत माझ्या आजीने चार मुलं वाढवली. अशी जागा रिकामी ठेवायची म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. ते जाणार नाही.

चित्रकला शिक्षिका, ऐरोली:
कॅफेच्या पत्राचं मला माहीत नव्हतं. आज दुपारभर तेच डोक्यात होतं. मत मात्र तेच आहे. सोमवारी वर्गात बाकं मागे सारून फरशीवर खडूने सात चौरस मीटर आखणार, मुलांना त्यात बसवणार आणि ओव्हेरची चित्रं दाखवणार. पत्रही वाचून दाखवीन.