प्रति: कोठाराची समोरासमोरची दारे

जुन्या कोठारांना समोरासमोर दारे असत ती फक्त गाड्या आरपार नेण्यासाठी, असे म्हटले जाते; ते अर्धेच खरे आहे. इंग्लंडमधल्या जुन्या कोठारांत त्या दोन दारांमधला खण म्हणजे खळे. पावसाळी हवेमुळे तिथे मळणी छपराखालीच करावी लागे. कणसे एका बाजूला रचायची, हिवाळाभर थोडी थोडी काढून झोडपायची आणि दोन्ही दारे उघडून मिळणाऱ्या वाऱ्यावर उफणायची. दाराच्या तळाशी आडव्या फळ्या खाचेत बसवत, म्हणजे धान्य बाहेर उडत नसे आणि कोंबड्या-डुकरे आत शिरत नसत.

भिंतींतल्या उभ्या फटी बाहेरून अरुंद, आतून रुंद असतात. हवा खेळते, पाऊस आत येत नाही. त्या बाण मारायच्या खिडक्या आहेत, हा गैरसमज फार पसरलाय!

लंडनजवळचे हार्मंड्सवर्थचे कोठार (१४२६-२७) बघाच: लांबी सुमारे ५८ मीटर, १२ खण, ओकच्या १३ कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे). खांब थेट मातीत न पुरता दगडी ठोकळ्यांवर उभे आहेत. इतकी शतके टिकायचे हे मोठे कारण. लाकूड ओल्या मातीत गेले की आधी तळ कुजतो, मग कैची खचते आणि छप्पर बाक धरते.

दुरुस्तीत लाकूड असेच ओलीत अडकवण्याची चूक होते: विटांच्या भिंतीत चुन्याच्या जागी सिमेंट भरतात. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, विटांचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीवरची आडवी तुळई आतून सडते, वरून मात्र ठणठणीत दिसते.