अनुभव धागा : ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम तुम्ही कधी ऐकलात?

२२ जुलै २०२५ रोजी ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश रॉक चमूचे गायक ऑझी ऑस्बर्न गेले आणि त्यांच्या चमूचा पहिला अल्बम पुन्हा मनात घुमू लागला. फोंड्याला आमच्या घरी तो शेजारच्या तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्या) काकांनी बोटीवरून आणलेल्या कॅसेटमधून आला. सुरुवातीला पाऊस कोसळतो, दूरवर घंटा वाजत राहते आणि मग एकदम गिटार येते. बाहेर कौलांवर आषाढातला पाऊस होता, त्यामुळे दारातला पाऊस कोणता आणि कॅसेटमधला कोणता, हे आम्हा भावंडांना वेगळे करता येईना. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतल्या चार तरुणांनी ही गाणी १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमध्ये एकाच दिवसात ध्वनिमुद्रित केली. पाऊस आणि घंटा मागाहून जोडली गेली. अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, प्रकाशित झाला. आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

प्रतिसाद, डिचोलीहून :
मी भजनाला पेटीची साथ करते. षड्ज, तार षड्ज आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम, एवढ्या तीन स्थानांवर शीर्षकगीताची मुख्य सुरावट उभी आहे. मारवा किंवा पुरिया रागात तीव्र मध्यमाला पुढे नेणारे स्वर भेटतात. येथे तो तसाच टांगता ठेवला आहे, म्हणून अंगावर काटा येतो. भावाने हा अल्बम लावला तेव्हा मी पेटीवर हे सूर शोधले आणि त्यानंतर कर्कश म्हणून त्या अल्बमची अवहेलना कधीच केली नाही.

प्रतिसाद, मडगावहून :
आमच्याकडे एलपी होती. वेष्टनाच्या आत छापलेला उलटा क्रूस पाहून शेजारच्या आंटीने ती घरात ठेवू नये असे आईला बजावले. तो क्रूस चमूला न विचारता छापला गेला होता. चमूतले बासवादक गीझर बटलर तर कॅथलिक घरातले, आणि शीर्षकगीतातला माणूस सैतानाला पुजत नाही, भेदरून देवाचा धावा करतो. आंटीला हे समजावून सांगितल्यावर तिने ते गाणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

प्रतिसाद, म्हापशाहून :
चमूचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या बोटांविषयी अजून कोणीच कसे लिहिले नाही? पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणे घडवली, त्यांवर चामडे चिकटवले आणि बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. माझ्या डाव्या तर्जनीचे टोक कामावर यंत्रात गेले, तेव्हा गिटार माळ्यावर गेली होती. चर्चमध्ये व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांनी मला ही हकिगत सांगून हा अल्बम ऐकवला, आणि गिटार खाली उतरली.

प्रतिसाद, साखळीहून :
माझे मत थोडे वेगळे आहे. दुसऱ्या बाजूवरचे लांबलचक गिटारवादन मला रेंगाळलेले वाटते. मी ऐकतो ते बिल वॉर्ड यांच्या ड्रमसाठी, कारण त्यांच्या हातात जॅझची झुलती लय आहे. आजोबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे; त्यांनीही तेवढ्याचीच वाखाणणी केली.

प्रतिसाद, डिचोलीहून :
म्हापशाचे दादा, वाचून जीव कळवळला. तुम्ही पुन्हा वाजवू लागलात याचा फार आनंद झाला. माझा मुलगा नुकताच गिटार शिकू लागला आहे आणि त्याची बोटे फार दुखतात. तुम्ही तारा कोणत्या लावता?

प्रतिसाद, म्हापशाहून :
ताई, सर्वांत बारीक संच लावतो आणि सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवतो, म्हणजे ताण कमी होतो. आयोमींनी १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वरांनी उतरवली होती. पहिला अल्बम मात्र नेहमीच्याच पट्टीत आहे, तेव्हा मुलाला सरावासाठी त्यातलेच शीर्षकगीत आधी द्यावे. लय संथ असल्यामुळे बोट उचलून ठेवायला त्याला पुरेसा अवकाश मिळेल.